कुपी फोडण्याचा हिशेब

बी.सी.जी. या क्षयप्रतिबंधक लशीविषयी आपल्या सुशिक्षित वर्गात दोन मते आढळतात. ती टोचली म्हणजे क्षयाची भीती संपली, असे एक पक्ष मानतो. पिढ्यान् पिढ्या टोचूनही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतातच आहे, सबब लस निरुपयोगी होय, असे दुसरा पक्ष म्हणतो. लशीकडून नेमकी कोणती अपेक्षा करावयाची हे न ठरवताच तिचा ताळेबंद मांडणे, हा दोन्ही पक्षांचा समान दोष आहे.

काल्मेत आणि गेरँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ पासून तेरा वर्षे गाईच्या क्षयाचे जंतू पुनःपुन्हा वाढवून सौम्य केले आणि १९२१ साली पॅरिसमध्ये ही लस प्रथम एका अर्भकास देण्यात आली. भारतात १९४८ साली मद्रासजवळ गिंडी येथे प्रयोगशाळा निघाली व १९५१ पासून मोहीम देशभर पसरली. १९५५ मध्ये राजाजींसारख्या विचारी नेत्याने तिला जाहीर विरोध केला. तथापि खरा धक्का पुढेच बसावयाचा होता. चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ साली सुरू झालेल्या, दोन लाखांहून अधिक लोकांचा समावेश असलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. फुफ्फुसाच्या क्षयापासून या लशीने संरक्षण दिल्याचे तीत आढळले नाही.

निष्कर्ष निर्विवाद होता. परंतु प्रश्न कोणता विचारला होता? त्या चाचणीत एक महिन्याखालील अर्भके नव्हती, आणि मोजमाप होते ते मुख्यतः थुंकीत जंतू सापडणाऱ्या क्षयाचे. अर्भकाचा घात करणारा क्षय निराळा असतो. तो मेंदूच्या आवरणांत शिरतो किंवा सर्वांगात पसरतो. उपचार मिळूनही वाचलेल्या मुलांपैकी अनेकांना कायमचे अपंगत्व येते. या दोन प्रकारांपासून बी.सी.जी. सुमारे ७० टक्के वा अधिक संरक्षण देते. २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या एका गणितानुसार, २००२ मध्ये जगभर टोचलेल्या सुमारे दहा कोटी बालकांत मेंदूच्या क्षयाचे जवळजवळ तीस हजार रुग्ण टळले. म्हणजे साधारण साडेतीन हजार लशींमागे एक. लशीचा खर्च पाहता हा सौदा महाग नव्हे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे एक गंमत दिसेल. देवीची लस घेणारा शेजाऱ्यालाही वाचवीत असे. बालकांचा क्षय सहसा दुसऱ्यास लागत नाही, त्यामुळे बी.सी.जी.चा लाभ जवळजवळ सर्वस्वी त्या बाळाचाच. मग क्षयाची साखळी या लशीने तुटली नाही, अशी तक्रार का करावी? ती तोडण्याचे काम खोकणाऱ्या प्रौढाच्या वेळेवर होणाऱ्या निदानाचे व उपचाराचे आहे. एकाच्या अपयशाचा खर्च दुसऱ्याच्या खाती मांडणे, हे जमाखर्चाच्या कोणत्या नियमात बसते?

ज्या लशीचा उपयोग आयुष्याच्या आरंभी सर्वाधिक, तिच्या बाबतीत दिवसांना किंमत आहे. जन्मतःच, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर ती टोचावी, हा नियम त्यामुळेच आहे. आणि इथेच एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूची, काचेच्या कुपीची, अडचण उभी राहते. लस कोरड्या भुकटीच्या रूपात असते व एका कुपीत साधारणतः दहा मात्रा निघतात. जंतू जिवंत असल्याने तीत परिरक्षक घालता येत नाही. द्रावण मिसळले की चार तासांच्या आत ती वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते. मोठ्या रुग्णालयात दिवसाला दहा बाळे जन्मतात, तेथे प्रश्नच नाही. जेथे आठवड्याला दोन प्रसूती होतात तेथे मात्र परिचारिकेपुढे पेच असतो: एका बाळासाठी कुपी फोडावी, की आणखी काही जमेपर्यंत थांबावे? अनेक खाजगी प्रसूतिगृहांनी यावर आठवड्यातील एक वार ठरवून टाकला आहे. सोमवारी घरी गेलेल्या बाळंतिणीने शुक्रवारी बाळाला घेऊन परत यावे, ही अपेक्षा मोटार असणाऱ्याच्या बाबतीत ठीक, एस.टी.ने माहेरी जाणारीचे काय?

शासकीय नियोजनातही या लशीच्या निम्म्या मात्रा वाया जातील असे गृहीत धरलेले असते. म्हणजे तिजोरीने हा खर्च मान्य केलेला आहे. तरीही वाया गेलेली मात्रा साठ्याच्या वहीत दिसते, तिचा जाब विचारला जातो. उशीर झालेले बाळ कोणत्याच वहीत दिसत नाही. वर्षाच्या आत केव्हाही टोचले तरी उद्दिष्टाच्या आकड्यात ते एकच धरले जाते, मग ते दुसऱ्या दिवशी असो की दहाव्या महिन्यात. नऊ मात्रा फेकण्याचा खर्च फार तर काही रुपयांच्या पटीत जाईल. जन्म व लस यांमध्ये किती दिवस गेले, एवढा एक रकाना जिल्ह्याच्या मासिक अहवालात वाढवला, तर परिचारिकेला कुपी फोडताना वरिष्ठांची भीती वाटणार नाही. आणि जेथे तो आकडा फुगलेला दिसेल, तेथे कुणाची चौकशी करावयाची हेही कळेल.