अंड्याचे टरफल का बिघडते?

आपल्या जिल्ह्यात परंड्यापासून उमरग्यापर्यंत कोणत्याही वाडीवस्तीवर जा, दारात चार-सहा गावरान कोंबड्या फिरताना दिसतात. लेकरांच्या ताटातले अंडे आणि आठवडी बाजारचा मीठ-मिरचीचा खर्च बऱ्याच घरांत त्यांच्यावरच निघतो. अशा घरी एखाद्या सकाळी डालग्याखाली मऊ, बिनटरफलाचे अंडे सापडले की काळजी सुरू होते. कोणी नजर लागली म्हणते, कोणी कोंबडी विकून टाका म्हणते, तर कोणी औषधाच्या दुकानातून कॅप्सूल आणून देते. मी पशुवैद्य असल्याने अशी अंडी फडक्यात बांधून माझ्याकडे आणणारे पुष्कळ. त्यांचे प्रश्न दोनच असतात. हे अंडे खावे का? आणि कोंबडी जगेल का?

आधी टरफल कसे बनते ते पाहू. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात. त्यातले सुमारे २० तास टरफल चढण्यातच जातात आणि हे काम बहुतांशी रात्री चालते. टरफल म्हणजे जवळजवळ निव्वळ चुनखडी. एका टरफलात दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम असते. आता हिशेब करा. आपण कोंबड्यांना ज्वारी टाकतो. १०० ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम असते अवघे २५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसत्या ज्वारीवर एका टरफलाची भरपाई करायची तर किमान सहा किलो ज्वारी लागेल! उरलेले कॅल्शियम कोंबडी उकिरड्यावरचे किडे, माती, खडे आणि पाला यांतून मिळवते. तेही कमी पडले तर स्वतःच्या हाडांतून काढते. दिवसभर कोंडलेल्या कोंबडीला उकिरडाही मिळत नाही आणि ऊनही मिळत नाही. उन्हातून मिळणारे ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेले कॅल्शियमही अंगी लागत नाही.

दुसरे कारण आपला उन्हाळा. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. सतत धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि टरफल घडवण्याचे काम बिघडते. त्यात उन्हाने खाणेही कमी होते. एका मावशींच्या सात कोंबड्या ऐन मे महिन्यात पातळ टरफलाची अंडी देऊ लागल्या होत्या. पत्र्याचे खुराडे, वर सावली नाही, खायला ज्वारी आणि उरलेला भात. मी म्हणालो, “मावशी, औषध नको. पत्र्यावर कडबा टाका, गार पाणी दोनदा बदला आणि चुनखडीची बारीक खडी वाटीत ठेवा.” काही दिवसांत टरफले पुन्हा टणक झाली.

सगळीच वेगळी दिसणारी अंडी काळजीची नसतात. तलंग नुकतीच अंड्यावर आली असेल तर पहिली काही अंडी वेडीवाकडी, मऊ किंवा रक्ताचा पुसट डाग असलेली येतात. टरफलावर पुरळासारखे दाणे किंवा पांढरी भुकटी दिसली तर बहुधा तो जास्तीचा चुना असतो. रात्री मांजर, मुंगूस किंवा कुत्र्याने घाबरवले तर अंडे वेळेआधी बाहेर पडते किंवा आत अडकून राहते. मग त्यावर कडे उमटते किंवा एक बाजू चपटी होते. तपकिरी रंग टरफलावर अगदी शेवटच्या काही तासांत चढतो, म्हणून घाबरलेल्या किंवा वयस्क कोंबडीचे अंडे फिके येऊ शकते. टरफलाच्या रंगावरून अंड्याचा कस ठरत नाही, हेही सांगून ठेवतो.

मात्र काही खुणा दिसल्या तर थांबू नये. एकाच वेळी अनेक कोंबड्यांची अंडी सुरकुतलेली येऊ लागली, पांढरे पाण्यासारखे पातळ झाले आणि कोंबड्या शिंकू, घरघरू लागल्या तर श्वसनमार्गाचा साथीचा रोग असू शकतो. त्यांनी अंडी देणे एकदम कमी केले, हिरवट हगवण लागली, मान वाकडी झाली तर मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची शंका घ्यावी. या रोगाने दोन-चार दिवसांत अख्खे डालगे रिकामे होते. तो झाल्यावर औषध नाही, आधी लस हाच उपाय. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी ही लस द्यावी.

कोंबड्या पटापट मरू लागल्या तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, त्या स्वस्तात विकू नयेत, ओढ्यातही टाकू नयेत. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला आणि जानेवारी २०२१ मध्ये मराठवाड्यातीलच परभणी जिल्ह्यात, मुरुंबा गावी, बर्ड फ्लू आढळला होता. लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे.

आता खाण्याविषयी. टरफल ही अंड्याची तटबंदी आहे. ती मऊ, तडकलेली किंवा नसलेलीच असेल तर विष्ठेतील साल्मोनेलासारखे जंतू सहज आत शिरतात. असे अंडे टाकून द्यावे हे उत्तम. निरोगी कोंबडीचे, स्वच्छ आणि त्याच दिवसाचे असेल तर पूर्ण कडक शिजवून मोठ्या माणसांनी खाण्यास हरकत नाही, पण लहान मुले, गरोदर बाई आणि म्हाताऱ्या माणसांना ते देऊ नये. तालमीतल्या पोरांनी कच्चे अंडे दुधात घालून पिण्याची सवयही सोडावी. खडबडीत, डागाळलेले पण टणक टरफलाचे अंडे मात्र खुशाल शिजवून खावे. अंडी धुऊन साठवू नयेत, टरफलावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते. आजारी कोंबडीचे अंडे कोणीच खाऊ नये.

सर्वात जास्त धोका मला त्या कॅप्सूलचा वाटतो. माणसांची प्रतिजैविके कोंबडीला दिली की त्यांचा अंश अंड्यात उतरतो आणि ते अंडे आपण लेकराला पौष्टिक म्हणून देतो. शिवाय टेट्रासायक्लीनसारखे औषध कॅल्शियमलाच चिकटून बसते. म्हणजे टरफलासाठी दिले आणि टरफलाच्याच मुळावर आले! डॉक्टरांनी औषध दिले असेल तर किती दिवस अंडी खायची वा विकायची नाहीत, हे विचारून घ्यावे आणि तेवढे दिवस पाळावे.

घरगुती उपाय सोपा आहे. घरातली टरफले वाळवून, तव्यावर भाजून, अगदी बारीक कुटावीत. अख्खे तुकडे टाकल्यास कोंबडीला अंडी फोडून खाण्याची खोड लागते. ही भुकटी किंवा चुनखडी वेगळ्या वाटीत ठेवावी, कोंबडी गरजेपुरती खाते. पिल्लांना मात्र ती देऊ नये, जास्त चुन्याने त्यांचे मूत्रपिंड बिघडते. सावली, गार पाणी, दिवसा मोकळे फिरणे आणि रात्री पक्के खुराडे एवढे सांभाळावे. आठवड्याभरात फरक पडला नाही, तर अंडे आणि कोंबडी दोन्ही घेऊन दवाखान्यात यावे.