दहा नावांची चिठ्ठी

जगातला सर्वोत्तम चित्रपट कोणता, याचा कौल दर दहा वर्षांनी घेतला जातो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून हा उद्योग करत आले आहे. आजवर आठ कौल झाले आणि पहिल्या क्रमांकाचा मान चारच चित्रपटांना मिळाला: इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, अमेरिकेचा ‘सिटिझन केन’, हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ आणि बेल्जियमच्या शांताल अकरमनचा ‘जान डीलमान, २३ के द्यु कॉमर्स, १०८० ब्रुसेल’. शेवटच्याचे शीर्षक म्हणजे चक्क पोस्टाचा पत्ता आहे.

पद्धत साधी आहे. समीक्षकांनी आपल्या पसंतीचे दहा चित्रपट कळवायचे. त्यांत वर-खाली असा क्रम नसतो, प्रत्येक नावाला एक मत. ज्याचे नाव सर्वाधिक चिठ्ठ्यांत निघेल तो पहिला. या साधेपणातच खरी मेख आहे. २०१२ मध्ये ८४६ जणांनी मते दिली आणि १९१ मतांवर ‘व्हर्टिगो’ जिंकला. म्हणजे दर शंभरांतल्या सत्त्याहत्तर जणांच्या यादीत जगातला हा सर्वोत्तम चित्रपट पहिल्या दहांतही नव्हता! नियमातला छोटा बदलही निकाल फिरवतो. २००२ मध्ये ‘द गॉडफादर’च्या पहिल्या दोन भागांची मते एकत्र धरली होती, तेव्हा ती जोडी चौथी आली. पुढच्या खेपेला दोन्ही भाग वेगळे मोजायचे ठरले आणि दोन्ही पहिल्या दहांतून बाहेर पडले. चित्रपट मात्र तेच होते.

१९५२ च्या पहिल्या कौलात जिंकलेला ‘बायसिकल थीव्ह्ज’ तेव्हा अवघ्या चार वर्षांचा होता. चोरीला गेलेली सायकल शोधत रोमच्या रस्त्यांवर भटकणारा बाप आणि त्याचा लहानगा मुलगा, एवढीच त्याची गोष्ट. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि तिथे तो दाखवला गेला. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’मागे या ओळखीचा हात आहे. सत्यजित राय यांनी तर तो १९५० मध्येच लंडनला पाहिला होता आणि ‘पथेर पांचाली’चा निश्चय तिथेच पक्का झाला. एवढा दूरवर पोचलेला हा चित्रपट १९७२ च्या कौलापर्यंत मात्र पहिल्या दहांतून नाहीसा झाला होता.

‘सिटिझन केन’ची कथा नेमकी उलटी आहे. १९४१ मध्ये तो आला तेव्हा दिग्दर्शक ऑर्सन वेल्स पंचविशीतला तरुण होता. नायक आपल्यावरच बेतला आहे या रागाने वृत्तपत्रसम्राट हर्स्ट याने आपल्या पत्रांतून चित्रपटाला जवळपास वाळीतच टाकले. ऑस्करची नऊ नामांकने मिळाली, हाती एकच पुतळा आला, तोही पटकथेसाठी. १९५२ च्या कौलात ‘केन’ पहिल्या दहांतही नाही. पण मधल्या काळात बरेच काही घडले. युद्धामुळे अडलेले अमेरिकन चित्रपट १९४६ मध्ये फ्रान्समध्ये पोचले आणि तिथल्या समीक्षकांनी ‘केन’ची दृश्यरचना उचलून धरली. पुढे आर.के.ओ. कंपनीचे जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकले गेले आणि एक नवी पिढी ‘केन’ घरबसल्या पाहू लागली. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि सलग पाच कौल तिथेच राहिला. इतकी वर्षे टिकल्यावर त्याचे पहिलेपण मतासारखे वाटेनासे झाले, ते पाठ्यपुस्तकातल्या वाक्यासारखे वाटू लागले. २००२ मध्ये मात्र त्याची ४६ मते आणि ‘व्हर्टिगो’ची ४१. खुर्ची डळमळू लागली होती.

‘व्हर्टिगो’ही १९५८ मध्ये थंडपणेच स्वीकारला गेला होता. त्याचे हक्क हिचकॉककडे होते आणि सत्तरच्या दशकापासून १९८३ पर्यंत तो चित्रपटगृहांत दिसणेच बंद झाले. गंमत म्हणजे, १९८२ मध्ये तो पहिल्या दहांत आला तो याच अज्ञातवासात असताना. चित्रपटाची कीर्ती वाढायला कधी कधी त्याचे दुर्मीळ होणेही उपयोगी पडते.

२०२२ मध्ये मासिकाने मतदारांची संख्या जवळपास दुप्पट केली: १,६३९. विद्यापीठांतले अभ्यासक, महोत्सवांचे आयोजक, अभिलेखपाल असे नवे लोक आले, युरोप-अमेरिकेबाहेरची आणि स्त्रियांची मतेही वाढली. आणि दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसांतही नसलेला ‘जान डीलमान’ (१९७५) एकदम शिखरावर गेला. अकरमन २०१५ मध्येच वारली होती. चित्रपट २०१ मिनिटांचा. ब्रुसेल्समधली एक विधवा, तिचा किशोरवयीन मुलगा आणि तीन दिवसांचे घरकाम. कॅमेरा जागचा हलत नाही. ती बटाटे सोलते, खाट आवरते, दिवे मालवते. दुपारी एखादा पुरुष येतो, जाताना पैसे देतो आणि ती ते जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकून झाकण ठेवते. दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. हातात पातेले घेऊन ती या खोलीतून त्या खोलीत जाते, त्यांचे काय करावे तिला सुचत नाही. दुसऱ्या कोणत्याही चित्रपटात हे दृश्य संकलकाने कापले असते. इथे तेवढ्यावरून कळते, की या बाईच्या आयुष्याची घडी आता विस्कटणार. भांड्यावरचे झाकणही त्या दिवशी ठेवायचे राहते.

निकालावर गदारोळ झाला. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे पटकथाकार पॉल श्रेडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. मतदार बदलून निकाल बदलवला, असा आक्षेप होता. तो खराही आहे. पण आधीचे निकाल ज्या मूठभरांनी लावले होते, तेही निवडलेलेच मतदार होते. त्यांची निवड कुणाला खटकली नव्हती, इतकेच. दिग्दर्शकांचा वेगळा कौल १९९२ पासून होतो. २०१२ मध्ये त्यांनी ओझूच्या ‘टोकियो स्टोरी’ला, २०२२ मध्ये क्यूब्रिकच्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ला कौल दिला. आयएमडीबीवर मतदान सर्वांना खुले आहे आणि तिथे वर्षानुवर्षे ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ पहिला आहे. १९९४ मध्ये चित्रपटगृहांत आपटलेला हा चित्रपट व्हिडिओ कॅसेट आणि दूरचित्रवाणीने तारला.

भारतीय चित्रपटांचे ‘साइट अँड साउंड’च्या यादीतले नशीब ‘पथेर पांचाली’शी बांधलेले आहे. १९९२ मध्ये तो सहावा होता; त्याच वर्षी एप्रिलमध्ये राय यांचे निधन झाले होते. पुढच्याच वर्षी लंडनच्या एका प्रयोगशाळेतील आगीत त्याची मूळ निगेटिव्ह होरपळली. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ती जोडून-सांधून २०१५ मध्ये नवी प्रत तयार झाली. २०२२ च्या कौलात तो पस्तिसावा आहे. फिप्रेसी या समीक्षक संघटनेच्या भारतीय शाखेने त्याच वर्षी देशातला सर्वोत्तम म्हणून त्यालाच निवडले. तिच्या पहिल्या दहांत बंगाली, मल्याळम, कन्नड आणि हिंदी चित्रपट आहेत, मराठी एकही नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला होता, ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. पण चिठ्ठीवर नाव यायचे तर मतदाराने चित्रपट पाहिलेला हवा आणि त्यासाठी चांगली प्रत व उपशीर्षके हवीत.

काही चित्रपट तर या शर्यतीत उतरूच शकत नाहीत. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची (१९१३) तेवढी काही रिळे उरली आहेत. पुढचा कौल २०३२ मध्ये व्हायचा आहे.