कॅपची कड

दाढेवरची कॅप किडत नाही. धातू, पोर्सेलीन, झिर्कोनिया यांतल्या कशालाच कीड लागत नाही. कीड लागते ती खालच्या दाताला, आणि बहुतेक वेळा एकाच जागी: जिथे कॅप संपते आणि दात सुरू होतो त्या कडेला. कॅप बदलायची की राहू द्यायची, याचा निवाडा प्रामुख्याने या कडेवर व्हायला हवा. कॅपच्या वयाला त्यापुढे फारसे महत्त्व नाही. कॅप 10 ते 15 वर्षे टिकते असे सर्रास सांगितले जाते. पण काटेकोर बसलेली आणि निगा राखलेली कॅप त्याहून कितीतरी जास्त काळ चालते आणि ढिसाळ बसवलेली कॅप दोन-तीन वर्षांतही दात गमावायची वेळ आणते. केवळ मुदत भरली म्हणून चांगली कॅप काढणे हे चुकीचेच आहे.

इतिहास थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतील डेट्रॉइटचे दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोर्सेलीनच्या कॅपचे तंत्र विकसित केले.   1907 मध्ये दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांनी मेणाच्या साच्यातून सोने ओतण्याची रीत दंतवैद्यकात रूढ केली. 1960 च्या दशकात धातूवर पोर्सेलीन चढवलेल्या कॅप आल्या आणि शतकाच्या शेवटी झिर्कोनिया आले. पदार्थ बदलत गेले, कडेचा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीपुढे तसाच उभा राहिला.

कारण कड पूर्ण बंद कधीच नसते. कॅप आणि दात यांच्यामध्ये सिमेंटचा पातळ थर असतो आणि कडेला तो लाळेत उघडा पडतो. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी 1971 मध्ये सुमारे 120 मायक्रोमीटर ही फटीची चालण्याजोगी मर्यादा मांडली. तिचा दाखला आजही दिला जातो. दातावर राहणारे जीवाणू साधारण एक मायक्रोमीटरचे असतात. त्यांच्या दृष्टीने 120 मायक्रोमीटर म्हणजे रुंद हमरस्ता. म्हणून उत्तम कॅपच्या कडेलाही रोजचा ब्रश आणि फ्लॉस लागतोच. जुने झिंक फॉस्फेट सिमेंट लाळेत हळूहळू विरघळते आणि फट वाढते. त्यात वयानुसार किंवा विकारामुळे हिरडी खाली सरकली, की मुळाचा भाग उघडा पडतो. एनॅमल साधारण 5.5 पीएचला विरघळू लागते. मुळाचा पृष्ठभाग त्याहून सौम्य आम्लातच, 6 च्या वर पीएच असतानाही, विरघळायला लागतो. पन्नाशीनंतर जुन्या कॅपखाली अचानक कीड सापडते, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

ही कीड ओळखणे अवघड असते, कारण धातूच्या आरपार एक्स-रे जात नाही आणि झिर्कोनियाचीही सावली दाट पडते. दिसते ते फक्त कडेच्या खाली. त्यासाठी दोन्ही जबडे मिटून घेतलेला बाइटविंग एक्स-रे उपयोगी पडतो, पण तो दोन दातांमधल्या बाजूच दाखवतो; गालाकडची आणि जिभेकडची कड बारीक टोकदार सळईनेच चाचपावी लागते. सळई अडकली किंवा मऊ भागात रुतली, तर संशय घ्यायचा. घरी कळणारी खूण म्हणजे फ्लॉस: एकाच जागी त्याचे धागे सुटू लागले किंवा बाहेर काढल्यावर कुजका वास आला, तर दाखवून घ्यावे. अन्न नव्याने अडकू लागणे हेही तसेच. जिवंत दात थंड पाण्याने शिवशिवतो आणि वेळीच सावध करतो. रूट कॅनाल झालेल्या दातात नसच उरलेली नसते, त्यामुळे तो आतून पोखरला जात असताना दुखत नाही. कॅपखालच्या बऱ्याच दाढा अशाच असतात. दुखत नाही म्हणजे सगळे ठीक, हा समज इथे सर्वांत महागात पडतो.

उलट, काही खुणा उगाच घाबरवतात. हिरडीलगत दिसणारी काळी रेघ बहुधा खालच्या धातूची असते. समोरच्या दातात ती खटकते, पण तेवढ्याने दात धोक्यात नसतो. पोर्सेलीनचा लहानसा टवका पॉलिश करून भागते. हिरडीवर पुटकुळी आली, तर मात्र दाखवावेच, पण दोष कॅपच्या कडेऐवजी मुळाच्या टोकाशी असू शकतो. अशा वेळी कड शाबूत असेल, तर कॅपमध्येच छिद्र पाडून रूट कॅनाल पुन्हा करतात आणि छिद्र भरतात.

चावण्याच्या बाजूला आरपार भोक पडले, कॅपला तडा गेला किंवा ती हलू लागली, तर मात्र थांबू नये. सुपारी फोडून खाणाऱ्यांच्या आणि झोपेत दात खाणाऱ्यांच्या कॅप लवकर झिजतात, तडकतात. दातांवर रात्री घालायचा गार्ड वापरला नाही, तर दुसऱ्या कॅपचेही तेच होते.

कॅप निखळून हातात आली, तर ती जपून दवाखान्यात न्यावी. फेविक्विकने चिकटवू नये. आतला दात कडक आणि कड नीट असेल, तर तीच पुन्हा सिमेंटने बसते. दात किडलेला असेल, तर हिरडीच्या वर सभोवती दीड ते दोन मिलिमीटर निरोगी दात उरला आहे का, हे पाहतात. तो पट्टा नसेल, तर हिरडी आणि हाड थोडे कमी करून तो मिळवावा लागतो. तेही शक्य नसेल, तर दात काढण्याचा विचार येतो.

बदलताना जुनी कॅप सहसा चिरून काढतात. धातूला कार्बाइडचे बर (कातायचे टोक), झिर्कोनियाला हिऱ्याचे. प्रत्येक बदलात खालचा दात थोडा कमी होतो, म्हणून निर्णय घाईने घेऊ नये. नवी कॅप सिमेंट लावण्याआधी नुसती बसवून पाहतात: सळई कडेवरून न अडखळता सरकते का, शेजारच्या दातांमध्ये फ्लॉस किंचित जोर लावल्यावर जातो का, दात मिटल्यावर ती इतर दातांच्या आधी टेकत नाही ना. कडेला फट आढळली, तर कॅप लॅबला परत पाठवतात आणि गरज वाटल्यास माप नव्याने घेतात.