बोर्डिंग कुणाचं, पंगत कुणाची

कोल्हापूरच्या दसरा चौकात जैन बोर्डिंग आणि मुस्लिम बोर्डिंग हाकेच्या अंतरावर आहेत. खासगी धार्मिक शिक्षणसंस्थांत कोणत्या समाजाची किती मुलं शिकतात, हा आजचा प्रश्न इथे शंभर वर्षांहून जुना आहे.

१८९४ साली शाहू महाराजांकडे कोल्हापूर संस्थानाचा कारभार आला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे होत्या. १८९६ मध्ये सर्वांसाठी वसतिगृह निघालं, पण बहुजनांची मुलं तिथे टिकली नाहीत. दार उघडं ठेवलं म्हणून खेड्यातलं पोर आत येत नाही, हे महाराजांनी ओळखलं. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग निघालं. १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं आणि मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचं अध्यक्षपद खुद्द महाराजांनी घेतलं. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. याशिवाय लिंगायत, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, ख्रिस्ती अशी रांगच लागली. आपल्या माणसांच्या भरवशावर बाप मुलाला शहरात धाडायचा. माझ्या मते त्या काळी याहून चांगली वाट नव्हती.

पण तिची किंमतही होती. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला ते गेले. परतल्यावर, आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय जेवणघरात यायचं नाही, असा हुकूम झाला. भाऊरावांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. शिक्षण मिळालं, पंगत मात्र वेगळीच राहिली. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणून एका पंगतीत बसवलं. त्या वसतिगृहाला नाव मिळालं शाहू महाराजांचंच.

महाराजही बोर्डिंगवर थांबले नव्हते. १९१७ मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत इतरांसोबत बसवण्याचा हुकूम काढला. राहणं वेगळं चालेल, वर्ग एकच हवा, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आज हा वर्ग पुन्हा दुभंगतो आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, देशभरातल्या अशा शाळांत ६२.५ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाचे नाहीत, आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित गटातली मुलं ८.७६ टक्केच. म्हणजे पाटी एका समाजाची, बाकांवर बहुतांश इतर समाजांची मुलं, आणि गरिबाचं पोर तिथेही मोजकंच. स्वसमाजासाठी संस्था चालवण्याचा हक्क मला मान्य आहे. पण त्या हक्काखाली मिळालेल्या सवलतीचा फायदा नेमका कुणाला होतो, हे पालकांना कळायलाच हवं.

माहिती नाही, ही सबब चालणार नाही. यू-डायस या सरकारी शाळा-नोंदणीत प्रत्येक शाळा मुलांचा सामाजिक प्रवर्ग आणि अल्पसंख्याक गट दरवर्षी भरते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या धर्मादाय आणि अल्पसंख्याक शाळांनी हे आकडे, मुलांची नावं न देता, प्रवेशाच्या हंगामात शाळेच्या फलकावर लावावेत, आणि जिल्हा परिषदेने तालुकावार छापावेत.