मशीन गार आहे, म्हणजे ठीक आहे?

जबलपूरचा मटार थंडीत बाजारात येतो. शहपुरा, पाटन, सिहोरा या पट्ट्यातलं हे पीक ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत जबलपूरच्या नावावर लागलं आहे. त्यातला जो गोठवायला जातो, त्याचं पुढचं वर्षभराचं नशीब अमोनियाच्या कॉम्प्रेसरच्या हाती असतं. पुण्यात 1958 मध्ये सुरू झालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिकची ‘केसी’ मालिकेतली पिस्टनची यंत्रं देशभरच्या शीतगृहांत आणि बर्फाच्या कारखान्यांत दिसतात. अशी यंत्रं दणकट असतात, आणि गैरसमज त्या दणकटपणातूनच जन्मतात. आतून बिघडत असतानाही यंत्र चालत राहतं, खोली थंड राहते, आणि मालक म्हणतो, चाललंय ना, मग कशाला उघडायचं?

मशीनवर बर्फ धरला की कूलिंग जोरात आहे, ही त्यातली सर्वांत लाडकी समजूत. सक्शनच्या पाइपवर बर्फ असेल तर ठीक. तोच बर्फ क्रँककेसवर उतरला, तर बाष्पाबरोबर द्रव अमोनिया मशीनमध्ये शिरतोय असं समजावं. द्रव दाबला जात नाही. म्हणून सिलिंडरच्या डोक्यावरची डिस्चार्ज व्हॉल्व्हची जुळणी जाड स्प्रिंगखाली बसवलेली असते. द्रवाचा घोट आला की ती उचलली जाते आणि ठण् असा आवाज येतो. ही सोय अधूनमधून येणाऱ्या घोटासाठी आहे, रोजच्या माऱ्यासाठी नाही. दुसरं नुकसान मुकाट्याने होतं. क्रँककेसमध्ये उतरलेला अमोनिया उकळतो, तेलाला फेस येतो, पंपाला तेलाऐवजी फेस मिळतो आणि बेअरिंग कोरडं पडतं.

इथे डिस्चार्जचं तापमान खरं बोलतं. आत उणे 10 आणि कंडेन्सरला 40 अंश असताना कोरडा अमोनिया 120 अंशांच्या आसपास बाहेर पडायला हवा. तो पाइप अचानक 70 वर आला तर यंत्र निवांत झालेलं नसतं, त्याच्या पोटात द्रव जात असतो.

“उन्हाळा आहे, प्रेशर चढणारच.” हे तर जबलपूरमध्ये मे महिन्यात कोणीही सांगेल आणि सगळे मान डोलावतील. पण पाणी शिंपडून थंड होणाऱ्या कंडेन्सरला हवेचं साधं तापमान फारसं कळत नाही. त्याला कळतं ते ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान. मे महिन्यातल्या दुपारी हवा 41 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर ओला पारा 23 च्या आसपास राहतो. जुलैत हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 85 टक्के असली, तर तोच पारा 28 जवळ जातो. म्हणजे कंडेन्सरच्या दृष्टीने पावसाळा कठीण. मे महिन्यात लोड वाढतो हे खरं, पण चांगल्या कंडेन्सरने तेव्हाही 35 अंशांजवळ, म्हणजे गेजवर सुमारे 13 किलोजवळ राहावं. काटा 17 किलोवर असेल तर आत 45 अंश आहेत, आणि दोष सूर्याला देऊन भागणार नाही. कंडेन्सिंगचा प्रत्येक वाढीव अंश विजेचं बिल साधारण 2 ते 3 टक्क्यांनी चढवतो. दाब असा चढला असेल तर नळ्यांवर क्षारांचा थर असेल, नोझल बुजले असतील, किंवा आत हवा असेल.

हवा शोधायची तपासणी बिनखर्चाची आहे. कॉम्प्रेसर थांबवायचा, कंडेन्सरवर पाणी चालू ठेवायचं. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचं तापमान एक झालं की त्या तापमानाला अमोनियाचा दाब किती असायला हवा ते तक्त्यात बघायचं. गेज जितकं वर दाखवेल तितकी हवा. ती काढताना नळीचं तोंड पाण्यात बुडवून ठेवायचं, उघड्यावर सोडायचं नाही.

पण एवढी हवा आत जाते कुठून? गळती असती तर वास आला असता, असं ऑपरेटर सांगतो. मटार गोठवायला उणे 40 अंशांजवळ जावं लागतं. तिथे अमोनियाचा दाब जेमतेम 0.7 बार, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. अशा ठिकाणी शाफ्ट सील किंवा व्हॉल्व्हचं ग्लँड गळत असेल तर अमोनिया बाहेर येत नाही, हवाच आत ओढली जाते. वास येण्याचा प्रश्नच नाही. आणि जिथे वास येतो तिथेही नाकावर विसंबू नये, कारण रोज प्लांटरूममध्ये उभं राहणाऱ्याचं नाक सरावतं. आठ तासांच्या कामासाठी दहा लाख भागांत 25 भाग ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा, 300 भाग म्हणजे जिवाला किंवा तब्येतीला तत्काळ धोका. हे दोन आकडे मोजायचं काम डिटेक्टरचं.

तेलाचं बघू. “ऑइल प्रेशर 4 किलो आहे, एकदम मस्त.” गेज 4 दाखवतं, पण पंप तेल उचलतो ते क्रँककेसमधून, जिथे सक्शनचा दाब आधीपासून असतो. सक्शन 2 किलो असेल तर बेअरिंगला मिळतात खरे 2 किलो. लोड वाढून सक्शन 3 वर गेलं आणि ऑइल गेज 4 वरच राहिलं, तर उरला 1. लॉगबुकात वजाबाकीचा रकानाच नसतो. रात्री बारा ते सकाळी सहा, दर तासाला तेच आकडे, एकाच पेनाने भरलेले. अशी लॉगबुकं मी नको तितकी पाहिली आहेत.

तेल कमी झालं की भरत राहणं हाही असाच प्रकार. अमोनियात खनिज तेल जवळजवळ विरघळत नाही आणि ते द्रव अमोनियापेक्षा जड असतं. मशीनमधून गेलेलं तेल कूलिंग कॉइलच्या किंवा रिसीव्हरच्या तळाशी बसतं. दर आठवड्याला तेल भरावं लागत असेल आणि खाली काढलं जात नसेल, तर ते कॉइलमध्ये साठतंय. आधी पिस्टनच्या रिंगा आणि ऑइल सेपरेटर बघावेत.

आता व्हॉल्व्ह प्लेट. झिजलेली प्लेट उलटून लावली की नवीच, असं जुन्या मेकॅनिककडून कितीदा ऐकायला मिळतं. प्लेट तिच्या सीटवर एका बाजूने बसलेली असते. उलटली की गळते, आणि थकलेल्या धातूला उलट्या दिशेने वाकवल्यावर तडकते. तुटलेला तुकडा सिलिंडरमध्ये पडतो आणि काहीशे रुपयांच्या बचतीपायी पिस्टन आणि लायनर जातात. गळती मशीन न उघडताही कळते. मशीन चालू असताना सक्शन व्हॉल्व्ह बंद करायचा, दाब खाली आला की मशीन थांबवायचं आणि गेज बघत राहायचं. पहिल्यांदा थोडं चढेल, ते तेलात अडकलेल्या अमोनियामुळे, म्हणून दोन-तीनदा करायचं. तरीही काटा भराभर चढत असेल तर वरचा गॅस डिस्चार्ज प्लेटमधून परत येतोय. कोणत्या सिलिंडरची प्लेट, हे इन्फ्रारेड थर्मामीटर सांगतो. तेच हेड शेजारच्यापेक्षा जास्त गरम असतं.

दाब फार चढला की मशीन थांबवणारा हाय प्रेशर कटआउट सारखा पडतो म्हणून वायरचा तुकडा टाकून तो बायपास करणाऱ्यांबद्दल काय लिहावं? हा बायपास बंद करा.

उरला बंद हंगाम. मटार नाही, मशीन झाकून ठेवलंय, देखभाल कसली, असा हिशेब असतो. बंद मशीनमध्ये शाफ्ट सीलवरचा तेलाचा थर सुकतो, सीलची तोंडं एकमेकांना चिकटतात आणि पहिल्या स्टार्टला फाटतात. ओल शिरली तर लायनरला गंज धरतो. आठवड्यातून एकदा तेल फिरवून शाफ्ट हाताने काही फेऱ्या फिरवायचा, आणि याच दिवसांत क्रँककेस उघडून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर तपासायचे, बेअरिंगची ढिलाई मोजायची, प्रत्येक कटआउट खरोखर पडतो का ते बघायचं. नोव्हेंबरमध्ये ट्रॅक्टर गेटवर उभे राहिल्यावर यातलं काहीच होत नाही.