शेतातील सहा पायांचे मित्र

सन 1965 च्या सप्टेंबरअखेरीस चेकोस्लोव्हाकियात, प्राग नगराजवळील लिब्लित्से या गावी, निरनिराळ्या देशांतील कीटकशास्त्रज्ञांची एक परिषद भरली होती. मावा खाऊन जगणारे कीटक कोणते, त्यांची भूक किती आणि त्यांची संख्या कशाने वाढते वा घटते, हा तिचा विषय. इव्हो होदेक या चेक शास्त्रज्ञाने तिचा वृत्तांत ग्रंथरूपाने संपादिला आणि त्यानंतर याच विषयावर देशोदेशी परिषदा भरत आल्या.

एवढ्याशा माव्यासाठी विद्वानांनी इतका खटाटोप का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातील ऊसकरी शेतकरी चांगले देऊ शकेल.

2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा आढळला आणि पाहता पाहता तो शेजारच्या जिल्ह्यांत व कर्नाटकात पसरला. पानांच्या खालच्या अंगास कापसासारखा पांढरा थर बसे. कीड रस शोषी, चिकट द्रव टाकी आणि त्यावर काळी बुरशी चढून पाने काजळल्यासारखी दिसत. पुरुषभर उंचीच्या दाट उसात शिरून पानांच्या खालच्या बाजूस औषध पोहोचविणे महाकठीण. शिवाय औषधाने माव्याबरोबर त्याचे शत्रूही मरत.

हे शत्रू उसातच होते. डिफा नावाच्या पतंगाची अळी माव्याच्या वसाहतीत जाळे विणून राहते आणि मावा फस्त करते. मायक्रोमस नावाच्या तपकिरी, जाळीदार पंखांच्या कीटकाची अळीही तेच काम करते. शास्त्रज्ञांनी हे कीटक वाढवून शेतकऱ्यांच्या हाती दिले. हेक्टरी डिफाच्या 1000 अथवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडाव्यात, अशी शिफारस झाली. एन्कार्सिया ही माव्याच्या शरीरात अंडी घालणारी सूक्ष्म गांधीलमाशी ईशान्य भारतातून आणण्यात आली. काही वर्षांतच त्या किडीचा जोर ओसरला.

पपईची कथाही अशीच. 2008 साली कोइमतूर येथे पपईवर परदेशी पिठ्या ढेकूण दिसला. 2010 साली बंगळूरच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्तो रिको बेटावरून त्याचा नैसर्गिक शत्रू असलेली एक इवलीशी माशी मागविली. तिची नीट पारख केल्यानंतरच ती बागांत सोडण्यात आली. अशी पारख आवश्यक असते. कारण एकदा सोडलेला जीव परत बोलावता येत नाही.

आता दुसऱ्या मार्गाकडे पाहू. भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ‘सेव्हिन’, म्हणजेच कार्बारिल, हे कीटकनाशक तयार होई. त्यासाठी लागणारा मिथाइल आयसोसायनेट हा जहाल पदार्थ तेथे टाक्यांत साठविलेला असे. 2 व 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री त्यातील सुमारे 40 टन विषारी वायू बाहेर पडला. झोपेत असलेली हजारो माणसे प्राणास मुकली आणि लक्षावधींच्या डोळ्यांना व फुप्फुसांना इजा झाली. किडीसाठी बनणाऱ्या विषाची किंमत शेतापासून दूर, गरिबांच्या वस्त्यांनी मोजली. त्या विषाला शेतातही शत्रुमित्र कळत नसे. मधमाश्या व उपकारक कीटकही त्याला बळी पडत. ऑगस्ट 2018 मध्ये भारत सरकारने कार्बारिलवर बंदी घातली. पुढच्याच महिन्यात बंगळूर येथे किडींच्या जैविक नियंत्रणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

विषाची गरज उद्याच संपेल, असे मात्र कोणी समजू नये. मित्रकीटक सावकाश काम करतात. कीड अतोनात वाढल्यावर ते एकटे पुरे पडतीलच असे नाही. म्हणून त्यांना आधीपासून जपणे हेच शहाणपण होय.

तेव्हा, शेतकरी बंधूभगिनींनो, फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी पान उलटून पाहा. ढालकिड्याची उभट पिवळी अंडी पुंजक्याने चिकटलेली असतात. क्रायसोपाची अंडी केसासारख्या बारीक देठांच्या टोकांवर उभी असतात. ढालकिड्याची काळसर, खरखरीत अळी दिसायला कुरूप. पण मावा संपविण्यात मोठी तरबेज. अज्ञानामुळे अनेक जण तिलाच कीड समजून चिरडतात. असे मित्र पुरेसे दिसले आणि मावा थोडा असला, तर चार दिवस थांबून पुन्हा पाहावे.

घरातील मुलांनाही ही ओळख करून द्यावी. त्यांची नजर तीक्ष्ण असते. पिकाचा राखणदार कोण आणि चोर कोण, हे ज्या घराला कळले, त्या घराचा पैसा वाचेल आणि विहिरीच्या पाण्यातही विष कमी उतरेल.