लांकडी लढाऊ विमान आणि मोसमी पाऊस

आषाढ लागला कीं शनिवार पेठेंतील एखाद्या जुन्या वाड्याचे दरवाजे चौकटींत अडूं लागतात, आणि दिवाळीच्या सुमारास तेच सैल होऊन खडखडूं लागतात. लांकूड हवेंतील ओलावा शोषून फुगतें व तो सोडून आकसतें. तेंही तंतूंच्या लांबीच्या दिशेनें जवळजवळ नाहींच, आडव्या दिशेनें मात्र पुष्कळ. सुतार हें जाणून चौकटींत थोडी जागा सोडतो. परंतु ताशीं पावणेचारशें मैल वेगानें जाणाऱ्या विमानाच्या पंखांत अशी जागा कोठून सोडावी?

पेठेपासून थोड्याच मैलांवर, लोहगांवच्या विमानतळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत जीं विमानें होतीं त्यांत मॉस्किटो हें विमान लांकडी होतें. इंग्लंडांतील द हॅव्हिलंड कंपनीनें १९३८ सालीं त्याची कल्पना मांडली तेव्हां ती अधिकाऱ्यांना रुचली नाहीं. धातूच्या युगांत लांकूड कशाला, असाच एकंदर सूर होता. कंपनीचें म्हणणें साधें होतें : युद्धांत ॲल्युमिनियमची टंचाई पडेल, सुतार मात्र रिकामे असतील. १ मार्च १९४० रोजीं पन्नास विमानांची मागणी आली. डंकर्कनंतर ती रद्द झाली, आणि पुन्हां मंजूर झाली. २५ नोव्हेंबर १९४० रोजीं पहिलें उड्डाण झालें. पुढें फेब्रुवारी १९४१ मध्यें चांचणी चालू असतां खडबडीत जमिनीवर त्याच पहिल्या विमानाचें धड तडकलें व तें बदलावें लागलें. चार तोफा व चार मशिनगनी बसविण्याजोगा लढाऊ नमुना १५ मे १९४१ रोजीं उडाला.

त्याचें धड वाटाण्याच्या शेंगेसारखें दोन उभ्या फांकांचें असे. बर्चच्या पातळ फळ्यांच्या दोन थरांमध्यें हलकें बाल्सा लांकूड घालून त्या फांका घडवीत, आंतील तारा व नळ्या बसवीत, आणि मग दोन्ही चिकटवीत. आरंभीं हा सरस दुधांतील केसीनचा होता. दमट हवेंत त्याला बुरशी लागते. म्हणून पुढें कृत्रिम राळेचा सरस वापरांत आला.

१९४३ सालीं हीं विमानें हिंदुस्थानांत आलीं. १९४४ च्या उत्तरार्धांत मात्र कांहीं विमानांचे पंख हवेंतच मोडले. प्रत्येकांत चालक व दिशादर्शक असे दोघे असत. नोव्हेंबरांत तपासणीसाठीं उड्डाणें थांबविण्यांत आलीं. उन्हानें व पावसानें सरस सुटला, पंखाचें वरचें आवरण मुख्य तुळईपासून उचललें गेलें, असा पहिला तर्क होता. मेजर हेअरवर्ड द हॅव्हिलंड यांच्या पथकानें डिसेंबरच्या आरंभीं अहवाल दिला : सरस नव्हे, पावसाळ्यांत सांगाड्याचें आकसणें कारण. पावसावर ठपका ठेवणें सोंपेंच. तो साक्ष द्यावयास येत नाहीं.

पुढील चौकशींत निराळेंच निघालें. ज्या विमानांनीं मोसमी पाऊस पाहिलाच नव्हता त्यांच्यांतही तसेच दोष सांपडले. दोष कारखान्यांतील घडणीचा होता. अखेर मुख्य तुळईवरील आवरणाच्या सांध्यावर, पंखाच्या संपूर्ण लांबीभर, प्लायवुडची एक पट्टी चिकटविण्यांत आली, आणि १९४५ सालीं ब्रह्मदेशाच्या लढाईंत मॉस्किटोच्या तुकड्या पुन्हां उतरल्या.